शेपूच्या तीन पुड्या : रविवार कारंज्याजवळच्या एका बियाणे दुकानाविषयी

नाशिकच्या रविवार कारंजा परिसरात बियाणे, काष्ठौषधी आणि पूजेचे साहित्य एकाच छताखाली विकणारी काही जुनी दुकाने अजून टिकून आहेत. त्यांपैकी एका दुकानातून गेल्या नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी शेपूचे तीन नमुने विकत घेतले, ते गच्चीवर शेजारी शेजारी पेरले आणि फळे पूर्ण पक्व होईपर्यंत, म्हणजे मार्चच्या मध्यापर्यंत, त्यांच्या नोंदी ठेवल्या. त्या साडेचार महिन्यांच्या अनुभवावर हा अभिप्राय आधारलेला आहे. दुकानाचे नाव मी लिहीत नाही, कारण पुढे एक तक्रार आहे आणि एका पाकिटाच्या चुकीमुळे त्या दुकानाची चांगली बाजू झाकली जावी अशी माझी इच्छा नाही.

तीन नमुने असे होते. पहिले भाजीच्या शेपूचे सुटे बियाणे, जे दुकानदार पोत्यातून काढून तराजूवर मोजून देतात. 50 ग्रॅमला 20 रुपये पडले. दुसरा बाळंतशेपा, जो त्यांच्याकडे बियाण्यांच्या बाजूला नसून ओवा, सुंठ, डिंक यांच्या खणात ठेवलेला असतो. तो 50 ग्रॅमला 30 रुपये. तिसरे एक चकचकीत रंगीत पाकीट होते, ज्यावर ‘विलायती डिल’ (डिल म्हणजे इंग्रजीत शेपू) असे छापलेले होते, आत 5 ग्रॅम बी होते आणि किंमत 90 रुपये होती. सुटे बियाणे ग्रॅमला 40 पैसे आणि पाकिटातले ग्रॅमला 18 रुपये, म्हणजे 45 पट महाग. एवढा फरक असेल तर वस्तूही तेवढी वेगळी असावी, ही अपेक्षा कोणताही ग्राहक करील. तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवल्यामुळे मला ती अपेक्षा तपासून पाहावीशी वाटली.

तपासण्याआधी नावांचा गुंता सोडवणे आवश्यक आहे, कारण या दुकानात, आणि खरे तर नाशिकच्या बहुतेक किराणा दुकानांत, गोंधळ तिथूनच सुरू होतो. शेपू ही पालेभाजी आणि बाळंतशेपा हे तिचे वाळलेले फळ. ही दोन्ही एकाच वनस्पतीची नावे आहेत. बडीशेप मात्र वेगळी. नावात ‘शेप’ आहे, कुटुंबही एकच आहे, पण प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट, दुसरी आहे. शेपूची प्रजाती अनेथम आणि बडीशेपेची फोनिक्युलम. हा गोंधळ केवळ आपल्याकडचा आहे असेही नाही. 1753 साली स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअसने वनस्पतींना द्विनाम पद्धतीने, म्हणजे प्रजाती आणि जाती अशा दोन शब्दांनी, नावे दिली, तेव्हा त्याने बडीशेपही अनेथम प्रजातीतच घातली होती. आज आपण वापरतो ते फोनिक्युलम व्हल्गेर हे नाव फिलिप मिलर यांनी 1768 साली दिले. शेपूचे नाव अनेथम ग्रॅव्हिओलेन्स हे लिनीअसचेच राहिले, आणि त्यातल्या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘उग्र वासाची’ असा आहे. ज्या घरांत शेपूची जुडी आणली की मुले नाक मुरडतात, त्या घरांत हे नाव किती नेमके आहे ते सांगावे लागणार नाही. संस्कृतातले नाव याहून प्रेमळ आहे. शतपुष्पा हा शब्द उच्चारला की फुलोऱ्याचे चित्रच डोळ्यांपुढे उभे राहते.

भारतीय शेपूला वेगळी जाती मानून अनेथम सोवा असे नावही एकेकाळी दिले गेले. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्ग यांच्याशी जोडलेले हे नाव जुन्या औषधी ग्रंथांत अजून भेटते. आजचे बहुतेक वनस्पतिशास्त्रज्ञ त्याला स्वतंत्र जाती न मानता ग्रॅव्हिओलेन्समध्येच धरतात, परंतु भारतीय आणि युरोपीय शेपूच्या फळांत जो फरक आहे तो खरा आहे आणि दहा पट मोठे दाखवणाऱ्या साध्या हातभिंगाखाली तो दिसतो. ‘विलायती’ या शब्दासाठी जास्त पैसे मोजायचे असतील, तर ते याच फरकासाठी मोजायचे.

आपण ज्याला शेपूचे बी म्हणतो ते बी नसून अर्धे फळ असते. गाजराच्या, म्हणजे चामर कुलातल्या वनस्पतींचे फळ पक्व झाल्यावर दोन भागांत उकलते. अशा फळाला पालिभेदी म्हणतात आणि प्रत्येक भागाला फलांश. शेपूचा फलांश पाठीकडून चपटा असतो. त्याच्या पाठीवर तीन बारीक उभ्या कडा असतात, आणि दोन्ही बाजूंच्या कडा पसरून फिकट पातळ पंखांसारख्या झालेल्या असतात. बडीशेपेच्या फळाला असे पंख नसतात. ते लांबट, गोलाईचे आणि ठळक शिरांचे असते. कोथिंबिरीचे फळ तर गोल आणि सहजासहजी न उकलणारे, म्हणूनच धने अखंड दिसतात आणि पेरण्यापूर्वी ते रगडून दोन फाके करावे लागतात. एकाच कुटुंबातल्या फळांमध्ये एवढी विविधता असल्यामुळे या कुलातल्या प्रजाती ओळखताना फुलापेक्षा फळावर अधिक भिस्त ठेवावी लागते.

युरोपीय शेपूचा फलांश रुंद, अंडाकृती, चपटा आणि स्पष्ट पंखांचा असतो. भारतीय शेपूचा त्या मानाने अरुंद, लांबट, पाठीवर किंचित फुगीर आणि बारीक पंखांचा. मला तुलनेसाठी एक विश्वासाचा नमुना हवा होता. तो योगायोगाने घरातच होता, कारण माझ्या भाचीने जर्मनीहून स्वयंपाकाचा मसाला म्हणून आणलेली शेपूच्या फळांची छोटी बाटली वर्षभर फडताळात पडून होती. पांढऱ्या कागदावर चार ढिगाऱ्या मांडल्या आणि भिंगाखाली एकेक दाणा पाहिला. भाचीच्या बाटलीतले दाणे रुंद आणि पंखांचे होते. सुटे बियाणे आणि बाळंतशेपा अरुंद, फुगीर; अपेक्षेप्रमाणेच. रंगीत पाकिटातले दाणेही हुबेहूब त्या दोघांसारखेच अरुंद आणि फुगीर निघाले.

वीस दाणे पाहिले, मग पन्नास पाहिले. निष्कर्ष बदलला नाही. पाकिटावरच्या छायाचित्रात तर पांढरा फुगीर गड्डा दिसत होता, जो शेपूला कधीच येत नाही. तो बडीशेपेच्या एका लागवडीच्या प्रकाराचा असतो आणि पानांच्या देठांचे आवरक, म्हणजे खोडाला वेढणारे तळभाग, फुगून तयार होतो. मागच्या बाजूस ‘बडीशेपेची सुवासिक जात’ असे वर्णन होते. म्हणजे नाव युरोपीय शेपूचे, चित्र बडीशेपेचे आणि माल देशी शेपूचा, अशी तीन वेगवेगळी विधाने त्या एका पाकिटावर एकत्र आली होती. वस्तू वाईट नव्हती. ती दुसऱ्याच नावाने विकली गेली होती.

तरीही केवळ दाण्यांवरून निकाल देणे मला पुरेसे वाटले नाही, म्हणून प्रत्येकी पन्नास दाणे मोजून तीन क्रेटमध्ये पेरले. शेपूचे सोटमूळ सरळ खोल जाते आणि रोप उपटून लावले तर ते रुसते, त्यामुळे पेरणी कायमच्या जागीच करावी लागते. नाशिकची थंडी या पिकाला मानवते. आठव्या दिवसापासून उगवण दिसू लागली. पहिली दोन पाने गवतासारखी लांब आणि अखंड असतात, त्यांवरून काहीच कळत नाही. तिसरे पान आले की मग बारीक चिरलेल्या धाग्यांची ती ओळखीची जाळी दिसते. सुट्या बियाण्याचे 50 पैकी 41 उगवले, पाकिटातले 33 आणि बाळंतशेपाचे 29. बाळंतशेपा औषधासाठी विकला जातो, पेरणीसाठी नाही, त्यामुळे त्याच्या कमी उगवणीचा दोष दुकानाला देणे अन्यायाचे होईल. नव्वद रुपयांच्या पाकिटाची उगवण वीस रुपयांच्या पुडीहून कमी असावी, हे मात्र नोंदवण्यासारखे आहे.

चाळिसाव्या दिवशी पहिली खुडणी केली. भाजी तिन्ही क्रेटची वेगवेगळी शिजवली, मुगाची डाळ आणि भरपूर लसूण घालून, आणि कोणती भाजी कोणत्या क्रेटची हे न सांगता घरातल्या चौघांना चव घ्यायला दिली; कोणालाही फरक ओळखता आला नाही. सुट्या बियाण्याचा पाला जरा दाट आला, त्यामुळे केवळ भाजीसाठी घेणाऱ्याने दुसरीकडे पाहण्याचे कारण नाही. पंचवटीतल्या बाजार समितीत संध्याकाळी पालेभाज्यांचे लिलाव होतात तेव्हा शेपूच्या जुड्यांचा भाव शेकड्यावर ठरतो, आणि गौरी आवाहनाच्या दिवशी भाजी-भाकरीच्या नैवेद्यासाठी त्या जुडीला घरोघरी मागणी असते. त्या साऱ्या व्यवहारात शेपू फुलावर आलेला कोणी पाहत नाही, कारण तो त्याआधीच कापला जातो. माझ्या मते या वनस्पतीचे खरे वैभव मात्र त्यानंतर सुरू होते.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात खोडे उंचावली. खोड पोकळ, उभ्या रेघांचे आणि निळसर पांढुरक्या लवेने झाकल्यासारखे दिसते. ती लव नसून मेणाचा पातळ थर असतो आणि बोट फिरवले की पुसला जातो. पानांचे देठ तळाशी रुंद होऊन खोडाला आवरकासारखे वेढतात. खोडाच्या टोकाला जो फुलोरा येतो त्याला संयुक्त चामरकल्प म्हणतात. छत्रीच्या काड्या जशा एका बिंदूतून निघतात तशी किरणे एका बिंदूतून निघतात आणि प्रत्येक किरणाच्या टोकावर पुन्हा एक छोटी छत्री उघडते. माझ्या पहिल्या मोठ्या फुलोऱ्यात 22 किरणे होती. या फुलोऱ्याखाली छदे, म्हणजे तळाशी येणारी छोटी पाने, नसतात आणि छोट्या छत्र्यांखाली त्यांहून लहान छदकेही नसतात. गाजराच्या फुलोऱ्याखाली मात्र पिसासारख्या चिरलेल्या छदांचे ठळक वलय असते, त्यामुळे दोन्ही शेजारी ठेवली तर हा फरक लहान मुलालाही दाखवता येतो. फुले पिवळी, पाच पाकळ्यांची, आणि प्रत्येक पाकळीचे टोक आत वळलेले. पाच केसरदले (पुंकेसर), पाकळ्यांच्या खाली असलेले अधःस्थ किंजपुट (अंडाशय), आणि त्याच्या माथ्यावर दोन किंजलांच्या (कुक्षीवृंतांच्या) तळाशी एक चकाकणारी फुगीर गादी, जिच्यावर मध पाझरतो. कोथिंबिरीच्या पांढऱ्या किंवा फिकट गुलाबी फुलोऱ्यात बाहेरच्या बाजूच्या पाकळ्या मोठ्या असतात. शेपूच्या सर्व पाकळ्या जवळपास सारख्या असतात.

फुले रोज सकाळी पाहताना एक गोष्ट ध्यानात आली, जी पुस्तकात वाचली होती पण स्वतः कधी पाहिली नव्हती. नव्या फुलात आधी केसरदले बाहेर येतात, पराग सांडतात आणि गळून पडतात. त्या वेळी किंजल जेमतेम दिसतात. केसरदले गळाल्यानंतर दोन्ही किंजल लांबतात आणि मग ते परागाला स्वीकारण्यास तयार होतात. फुलाला स्वतःचा पराग सहज मिळू नये अशी ही वेळेची आखणी आहे. मध उघड्यावर असल्यामुळे तो पिण्यास लांब सोंड लागत नाही. छोट्या फुलोरी मधमाश्या येत होत्या, सिरफिड माश्या तर झुंडीने, आणि फेब्रुवारीत शेजारच्या कुंडीतल्या गुलाबावर मावा पडला तेव्हा ढालकिडे शेपूवरून तिकडे जाताना मी पाहिले. गच्चीवर भाज्या लावणाऱ्यांनी चार-सहा रोपे न खुडता फुलावर जाऊ द्यावीत, असा माझा आग्रह आहे.

कीटकांमुळे एका फुलोऱ्याचा पराग दुसऱ्यावर सहज जातो, याचा बियाणे घेणाऱ्यांसाठी एक व्यावहारिक अर्थ आहे. कोणी खरा युरोपीय शेपू मिळवून देशी शेपूच्या शेजारी लावला आणि पुढच्या वर्षासाठी बी धरले, तर ते बी शुद्ध राहण्याची खात्री देता येणार नाही. बियाणे विकणाऱ्याने नमुने वेगळे ठेवले तरी मुळात शेतावर ते वेगळे ठेवले गेले होते का, हा प्रश्न म्हणूनच विचारावा लागतो.

मार्चमध्ये फळे तपकिरी झाली. तिन्ही क्रेटमधली फळे पुन्हा भिंगाखाली घेतली, दाढीच्या पात्याने आडवी कापली आणि तैलनलिका मोजल्या. फलांशाच्या पाठीकडील खाचांमध्ये चार आणि सपाट बाजूस दोन, अशा सहा काळपट ठिपक्यांच्या रूपात त्या दिसतात. शेपूच्या दाण्याचा वास या सहा नळ्यांतल्या तेलात साठवलेला असतो. मोजणी तिन्हींत सारखीच आली, जर्मनीच्या दाण्यांतही तीच आली, कारण ते प्रजातीचे लक्षण आहे. आकार मात्र पुन्हा तोच अरुंद. या तेलातच देशी आणि युरोपीय शेपूचा दुसरा फरक दडलेला आहे. युरोपीय शेपूच्या तेलात कार्व्होन हा घटक प्रमुख असतो, जो विलायती शहाजिऱ्याच्या वासालाही कारणीभूत आहे. भारतीय शेपूच्या तेलात कार्व्होनच्या जोडीला डिलॅपिओल मोठ्या प्रमाणात असते. लोणच्यासाठी किंवा परदेशी पाककृतीसाठी मुद्दाम युरोपीय शेपू शोधणाऱ्याला देशी दाण्यांतून तोच वास येणार नाही, आणि म्हणून पाकिटावरचे नाव खरे असण्याला महत्त्व आहे. याच कुलात कोनियमसारखी विषारी वनस्पतीही आहे, आणि आपल्या सह्याद्रीच्या पठारांवर पावसाळ्यात पांढऱ्या छत्र्यांची रानटी भाईबंदे उगवतात. छत्रीसारखा फुलोरा दिसला म्हणून कोणतीही पाने खुडू नयेत, हे माझ्या विद्यार्थ्यांना मी दर वर्षी बजावत असे.

पाकीट, भाचीची बाटली आणि भिंग घेऊन मी दुकानात गेले. मनात थोडा संकोच होता, कारण नव्वद रुपयांसाठी भांडायला आलेली बाई असे कोणाला वाटावे हे मला नको होते. दुकानाचे मालक काका सत्तरीच्या घरातले आहेत. त्यांनी गिऱ्हाईक बाजूला थांबवले, चष्मा कपाळावर सरकवला आणि दोन्ही दाणे बराच वेळ पाहिले. “बाई, हे पाकीट आम्ही बांधत नाही, ते तसंच येतं,” ते म्हणाले, “पण विकलं आम्ही, म्हणजे जबाबदारी आमची.” त्यांनी पैसे परत केले आणि फळीवरची उरलेली सात-आठ पाकिटे माझ्यासमोर उतरवून आत ठेवायला मुलाला सांगितली. दोन आठवड्यांनी मी ओवा आणायला गेले तेव्हा ती फळीवर नव्हती.

सुट्या बियाण्यासाठी मी या दुकानाला पाचपैकी साडेचार गुण देईन: माल स्वच्छ होता, त्यात काडीकचरा जवळपास नव्हता, उगवण चांगली झाली आणि भाव योग्य आहे. अर्धा गुण यासाठी कापला की पोत्यावर माल केव्हाचा आहे हे लिहिलेले नसते. विचारले तर सांगतात, पण प्रत्येक ग्राहक विचारत नाही, आणि शेपूचे बी जुने होत गेले की उगवण घसरते. बाळंतशेपा औषधाच्या कामासाठी ताजा आणि सुगंधी होता. तळहातावर चोळला की वास लगेच उसळतो. बाळंतिणीच्या धुरीसाठी नेणाऱ्यांना तो ओव्याबरोबर वेगळ्या पुडीत बांधून देतात, ही पद्धत मला आवडली. छापील पाकिटांसाठी मात्र मी तिथे जाणार नाही, मग ती शेपूची असोत की अन्य कशाची, जोवर पाकिटावरचे नाव, चित्र आणि आतला माल यांचा मेळ घालून पाहण्याची रीत तिथे रुळत नाही.

जाणाऱ्यांसाठी एक सूचना. दसऱ्यानंतर नवा माल येतो, असे काकांनी सांगितले. रब्बीच्या पेरणीसाठी त्याच सुमारास जावे, सकाळी अकराच्या आत, कारण नंतर गर्दीमुळे त्यांना बोलायला सवड नसते. आणि ‘शेप’ एवढेच मागू नये. पाला हवा, बाळंतशेपा हवा की बडीशेप हवी ते स्पष्ट सांगावे.

निघताना काकांनी एक विनंती केली होती: जर्मनीचे थोडे दाणे मिळतील का? गेल्या आठवड्यात मी दोन काचेच्या कुप्या नेऊन दिल्या, एकीत भाचीच्या बाटलीतले रुंद दाणे आणि दुसरीत माझ्या गच्चीवर पिकलेले अरुंद दाणे, दोन्हींवर मराठीत नाव लिहून. त्यांनी त्या तराजूच्या शेजारी मांडल्या आणि माझे भिंग काही दिवस ठेवून घेता येईल का, असे विचारले. ते सध्या तिथेच आहे.